उशिरा घरी आलेले सैनिक

जपानपुरते दुसरे महायुद्ध १५ ऑगस्ट १९४५ रोजी संपले. त्या दुपारी सम्राट हिरोहितो यांचा आवाज प्रजेने पहिल्यांदाच रेडिओवर ऐकला. पुढच्या काही वर्षांत चीन, मांचुरिया, कोरिया आणि आग्नेय आशियातून सैनिक व नागरिक मिळून साठ लाखांहून अधिक जपानी माणसे मायदेशी परतली. प्रशांत महासागरातल्या बेटांवर मात्र काही सैनिक रानातच राहिले. कुणाला युद्ध संपल्याचे कळलेच नाही, कुणाला कळूनही पटले नाही, तर कुणाला पटूनही बाहेर येण्याचे धाडस झाले नाही. त्यांतले शेवटचे तिघे, म्हणजे शोइची योकोई, हिरो ओनोदा आणि तेरुओ नाकामुरा, १९७२ ते १९७५ या काळात घरी पोचले. ऐन तारुण्यात निघालेले हे तिघे परतले तेव्हा पन्नाशी ओलांडलेले होते. ज्या साम्राज्यासाठी ते लढायला गेले होते, ते तर केव्हाच मोडले होते.

एका काळातून उठून थेट दुसऱ्या काळात आलेल्या माणसाची गोष्ट जपानी मुलांना लहानपणीच सांगितली जाते. उराशिमा तारो नावाचा कोळी एका कासवाचा जीव वाचवतो आणि समुद्रतळाच्या महालात पाहुणा म्हणून जातो. तिथे थोडे दिवस मजेत काढून तो गावी येतो, तर तीनशे वर्षे उलटलेली असतात, घर नसते आणि ओळखीचे एकही माणूस उरलेले नसते. महालातल्या राजकन्येने दिलेली पेटी उघडताच तो क्षणात म्हातारा होतो. योकोई परतले तेव्हा वृत्तपत्रांनी त्यांना आजचा उराशिमा म्हटले ते यामुळे. आपल्या पुराणांतही अशी माणसे आहेत. मुलीसाठी वर विचारायला ब्रह्मलोकी गेलेला रैवत राजा गाणे संपेपर्यंत थांबतो, तेवढ्यात पृथ्वीवर सत्तावीस चतुर्युगे निघून जातात. गुहेत झोपलेला मुचुकुंद जागा होऊन बाहेर पाहतो, तर माणसे आणि झाडे खुजी झालेली दिसतात, आणि तो तपाला निघून जातो. या सगळ्या कथा परतण्याच्या क्षणाशी किंवा त्यानंतर लगेचच थांबतात. परतलेल्या माणसाने पुढे पोट कसे भरले, शेजाऱ्यापाजाऱ्यांशी त्याचे कसे जमले, सरकारदरबारी त्याचे नाव कोणत्या रकान्यात गेले, हे त्या सांगत नाहीत. या तीन सैनिकांच्या बाबतीत ते सगळे लिहिले गेले आहे, आणि रानातल्या दिवसांइतकेच ते जाणून घेण्याजोगे आहे.

हे सैनिक इतकी वर्षे का लपून राहिले, याचे उत्तर त्यांच्या शिकवणुकीत आहे. जानेवारी १९४१ मध्ये लष्कराने सैनिकांसाठी आचारसंहिता काढली. जिवंतपणी शत्रूच्या हाती सापडण्याची नामुष्की पत्करू नये, असे तिच्यात बजावले होते. कैद होणे हा सैनिकाच्या एकट्याचा कलंक नव्हता, गावाकडच्या घराण्यालाही तो लागत असे. शिवाय अमेरिकी सैन्य कैद्यांचे हालहाल करून मारते अशी समजूत पक्की होती. विमानांतून टाकलेली शरणागतीची पत्रके म्हणजे शत्रूचा सापळा, असेच बहुतेकांना वाटले. इकडे जपानमध्ये बेपत्ता सैनिकांना यथावकाश मृत ठरवण्यात आले, नातेवाइकांनी दिवस घातले आणि थडगी बांधली. म्हणजे परत यायचे तर कागदोपत्री मरणातूनही परत यावे लागणार होते.

असे एक परतणे गाजले ते १९६० मध्ये. ग्वाम बेटावर मासाशी इतो आणि बुन्झो मिनागावा हे दोघे त्या वर्षी मे महिन्यात सापडले. युद्ध संपले आहे हे सांगूनही त्यांना ते बराच काळ खरे वाटेना. या प्रसंगानंतर ग्वामवर आणखी कुणी उरले असेल अशी फारशी कुणाला शंका नव्हती. बेट केवढे, तर जेमतेम ५४० चौरस किलोमीटर. तरीही त्याच बेटावर, तालोफोफो नदीच्या खोऱ्यात, योकोई आणखी बारा वर्षे लपून राहिले.

शोइची योकोई यांचा जन्म १९१५ साली आइची प्रांतात झाला. त्यांचा धंदा शिंप्याचा. १९४१ मध्ये त्यांना सैन्यात बोलावले, आधी मांचुरियात आणि मग ग्वामवर पाठवले. २१ जुलै १९४४ रोजी अमेरिकी फौजा ग्वामवर उतरल्या आणि तीन आठवड्यांत बेट त्यांच्या ताब्यात गेले. योकोई काही सोबत्यांबरोबर रानात शिरले. हळूहळू गट फुटत गेला, माणसे पांगली. शेवटी आसपास राहणारे दोन सोबती १९६४ च्या सुमारास वारले आणि पुढची आठ वर्षे योकोई एकटेच होते. बांबूच्या बेटाखाली त्यांनी जमिनीत उभी विहीर खणावी तसे भोक पाडले होते आणि तळाशी आडवी खोली कोरली होती. तिच्यात ताठ उभे राहता येत नसे. छताला आणि जमिनीला बांबू, वर तोंडाशी बांबूचेच झाकण. दिवसा आत राहायचे आणि अंधार पडल्यावर बाहेर पडायचे, हा क्रम. कोळंबी, बाम मासे, बेडूक, उंदीर, नारळ आणि भिजवून विष काढलेल्या रानटी बिया हे त्यांचे अन्न होते. काळाचा हिशेब ते चंद्राच्या कलांवरून ठेवत.

या जगण्यात त्यांचा शिंपीपणा कसा कामी आला, ते जवळून पाहण्याजोगे आहे. गणवेश फाटून चिंध्या झाल्यावर त्यांनी पागो या जास्वंदीच्या कुळातल्या झाडाची साल काढायला सुरुवात केली. सालीच्या आतला तंतू भिजवायचा, बडवायचा, वाळवायचा, मग त्याचे पीळ घालून सूत करायचे. त्या सुतासाठी त्यांनी स्वतः माग तयार केला, जाडसर कापड विणले, ते बेतले आणि हाताने घडवलेल्या सुईने शिवले. एका जोडाला कित्येक महिने लागत. पण कपडा अंगावर कसाबसा गुंडाळावा, असे त्यांनी केले नाही. त्याला खिसे होते, काजी होती, बटणे होती. जिथे पाहायला कुणीही नव्हते तिथे त्यांनी काजीसुद्धा नीट केली, ही गोष्ट त्यांच्या पुढच्या आयुष्याचा अर्थ लावताना फार उपयोगी पडते.

युद्ध संपल्याचे योकोई यांना १९५२ च्या सुमारास पत्रकांवरून कळले होते. तरीही पकडले जाण्याच्या लाजेने ते बाहेर आले नाहीत. याच काळात बेटाचे रूप पालटत होते. १९६०च्या दशकाच्या अखेरीस ग्वाम हे जपानी नवविवाहितांचे मधुचंद्राचे आवडते ठिकाण झाले. एका किनाऱ्यावर जपानी जोडपी हॉटेलांत उतरत होती आणि त्याच बेटाच्या दुसऱ्या अंगाला एक जपानी सैनिक रात्रीच्या अंधारात कोळंबी धरत होता. २४ जानेवारी १९७२ च्या संध्याकाळी नदीवर कोळंबीचे सापळे पाहायला आलेल्या दोन स्थानिक माणसांशी त्यांची गाठ पडली. घाबरून त्यांनी झटापट केली, पण अंगात ताकद नव्हती. त्या दोघांनी त्यांना आवरले आणि गावात आणले.

२ फेब्रुवारी १९७२ रोजी योकोई टोकियोच्या हानेदा विमानतळावर उतरले. हजारो लोक जमले होते, दूरचित्रवाणीवर थेट प्रक्षेपण चालू होते. लाज वाटते, पण जिवंत परत आलो, अशा अर्थाचे जे वाक्य ते बोलले ते त्या वर्षी साऱ्या देशाच्या तोंडी झाले. सम्राटांना परत करायची म्हणून त्यांनी आपली गंजलेली रायफल सोबत आणली होती. दुसऱ्याच दिवशी साप्पोरो येथे हिवाळी ऑलिंपिक सुरू झाले. ज्या देशातून ते निघाले होते तिथे सम्राट देव मानला जात असे. ज्या देशात ते उतरले तिथे १९४७ पासून युद्धाचा त्याग करणारी राज्यघटना होती, टोकियो आणि ओसाकादरम्यान शिन्कान्सेन धावत होती आणि अर्थव्यवस्था भांडवलशाही देशांत अमेरिकेखालोखाल मोठी होती. एक गोष्ट मात्र बदललेली नव्हती. सम्राट हिरोहितोच होते. स्वतः सम्राटांनी १९४६ च्या पहिल्याच दिवशी आपल्या देवत्वाचा इन्कार केला होता, आणि हे योकोई यांना सव्वीस वर्षांनी सांगावे लागले. राजवाड्याच्या आवारात जाऊन, आपल्याकडून नीट सेवा झाली नाही याबद्दल त्यांनी खेद व्यक्त केला. जग बदलले असले तरी सेवेचा निश्चय बदललेला नाही, असेही ते म्हणाले.

दवाखान्यात तपासणी झाली तेव्हा प्रकृती आश्चर्य वाटावी इतकी चांगली निघाली. आहारात मीठ नसल्याने थोडा पंडुरोग होता, एवढेच. सरकारकडून थकलेला पगार मिळाला तो सुमारे ३०० डॉलरच्या मोलाचा, आणि पुढे एक लहानसे निवृत्तिवेतन. लोकांनी पाठवलेल्या देणग्या मात्र त्याहून कितीतरी मोठ्या होत्या. हा फरक लक्षात ठेवण्यासारखा आहे. लोकांना त्यांच्याविषयी जे वाटत होते ते सरकारी कोष्टकात बसत नव्हते. आणि लोकांच्या भावनाही एकजिनसी नव्हत्या. वडीलधाऱ्यांना त्यांच्यात आपली हरवलेली निष्ठा दिसली. युद्धानंतर जन्मलेल्या अनेक तरुणांना मात्र हुकमाखातर आयुष्य वाया घालवणारा माणूस दिसला, आणि त्याच्याकडे कौतुकाने पाहावे की त्याची कीव करावी, हे त्यांना समजेना.

नोव्हेंबर १९७२ मध्ये योकोई यांनी मिहोको यांच्याशी लग्न केले आणि मधुचंद्रासाठी ते ग्वामलाच गेले. पुढचे आयुष्य त्यांनी नागोयात काढले. टीव्हीवर त्यांना सतत बोलावणे असे, गावोगावी व्याख्याने होत. विषय एकच, साधे जगणे आणि आहे त्यात भागवणे. १९७३ च्या तेलसंकटात जपानी गृहिणी टॉयलेट पेपरसाठी दुकानांपुढे रांगा लावत होत्या, तेव्हा या विषयाला श्रोते मिळणे साहजिकच होते. १९७४ मध्ये ते संसदेच्या वरिष्ठ सभागृहाच्या निवडणुकीला उभे राहिले आणि पडले. लोकांना त्यांचे बोलणे ऐकायला आवडत होते, पण त्याप्रमाणे राहायची त्यांची तयारी नव्हती. भरभराटीच्या दिवसांत काटकसरीचा उपदेश हळूहळू करमणुकीच्या कार्यक्रमात जमा होतो, तसेच झाले.

पण योकोई यांचे खरे उत्तरायुष्य निवडणुकीच्या निकालानंतर सुरू झाले असे म्हणायला हरकत नाही. ते मातीकामाकडे वळले, भांडी घडवू लागले, सुलेखन करू लागले. रानात ज्या हातांनी काजी केली, तेच हात आता चाकावर होते. प्रसिद्धी ओसरल्यावर माणूस कशात तग धरतो, तर बहुधा हाताच्या कामात, आणि योकोई यांच्याकडे ती शिदोरी पहिल्यापासून होती. १९९१ मध्ये नवे सम्राट अकिहितो यांची त्यांना भेट मिळाली. तो त्यांना आयुष्यातला सर्वांत मोठा सन्मान वाटला. २२ सप्टेंबर १९९७ रोजी वयाच्या ८२ व्या वर्षी हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. मृत ठरवल्यानंतर त्यांच्या आईने १९५५ मध्ये त्यांच्या नावाचा दगड कबरस्तानात उभा केला होता. त्याच दगडाखाली त्यांना ठेवण्यात आले. मिहोको यांनी २००६ मध्ये राहत्या घरात त्यांचे छोटे संग्रहालय उघडले. तिथे भुयाराची प्रतिकृती आणि त्यांनी केलेली भांडी लोकांना विनामूल्य पाहता येत. मिहोको यांच्या निधनानंतर २०२२ मध्ये ते बंद झाले.

हिरो ओनोदा यांची गोष्ट वेगळ्या धाटणीची आहे. १९२२ साली वाकायामा प्रांतात जन्मलेले ओनोदा हे हेरगिरीचे आणि गनिमी काव्याचे शिक्षण घेतलेले अधिकारी होते. डिसेंबर १९४४ मध्ये त्यांना फिलिपिन्सच्या लुबांग बेटावर धाडले तेव्हा शरण जायचे नाही आणि आत्महत्याही करायची नाही, असा स्पष्ट हुकूम होता. त्यांच्या समजुतीप्रमाणे ते लपलेले नव्हते, कामावर होते. सोबत तिघे होते. युइची आकात्सु १९४९ मध्ये गट सोडून गेले आणि पुढच्या वर्षी शरण आले. शोइची शिमादा १९५४ मध्ये आणि किन्शिची कोझुका ऑक्टोबर १९७२ मध्ये चकमकींत मारले गेले.

ओनोदा यांना बाहेरच्या बातम्या मिळतच नव्हत्या हा समज चुकीचा आहे. शोधपथकांनी ठेवलेली जपानी वृत्तपत्रे ते वाचत. १९६० च्या दशकात त्यांच्या हाती ट्रान्झिस्टर आला होता, आणि त्यावर जपानमधल्या घोड्यांच्या शर्यती ऐकून ते व कोझुका आपसात पैजा लावत. वृत्तपत्रांतला जपान श्रीमंत आणि गजबजलेला दिसे. हरलेला देश असा असूच शकत नाही, तेव्हा युद्ध चालू आहे, असा त्यांचा निष्कर्ष होता. डोक्यावरून व्हिएतनामकडे जाणारी विमानेही त्यांनी याच हिशेबात बसवली. या दीर्घ वनवासाचे मूळ बातमी न मिळण्यात नव्हते, मिळालेली प्रत्येक बातमी जुन्या हुकमाच्या चौकटीत बसवण्यात होते. योकोई यांना सत्य कळले होते आणि लाज आडवी आली. ओनोदा यांना सत्य समोर असून दिसले नाही. दोघांच्या पुढच्या आयुष्यातला फरक इथूनच सुरू होतो.

फेब्रुवारी १९७४ मध्ये नोरिओ सुझुकी नावाचा भटका तरुण एकटाच लुबांगवर गेला. ओनोदा, पांडा आणि हिममानव, याच क्रमाने आपण शोधणार, असे सांगून तो निघाला होता. सैन्यदलांना जे जमले नाही ते त्याला काही दिवसांत जमले. पण वरिष्ठांच्या हुकमाशिवाय ओनोदा हलायला तयार नव्हते. मग त्यांचे जुने वरिष्ठ मेजर योशिमी तानिगुची, जे एव्हाना पुस्तकविक्रेते झाले होते, त्यांना लुबांगवर नेण्यात आले. ९ मार्च १९७४ रोजी त्यांनी कामगिरी संपल्याचा हुकूम वाचून दाखवला. ओनोदा यांनी चालू स्थितीतली रायफल, सुमारे ५०० काडतुसे आणि हातबाँब खाली ठेवले. नंतर मनिलात राष्ट्राध्यक्ष फर्डिनांड मार्कोस यांच्यापुढे औपचारिक शरणागती झाली आणि मार्कोस यांनी त्यांना माफी दिली. सुझुकी पुढे खरोखरच हिममानव शोधायला हिमालयात गेला आणि १९८६ मध्ये हिमस्खलनात दगावला.

ही माफी राष्ट्राध्यक्षांची होती, बेटावरच्या घरांची नव्हे. लुबांगच्या रहिवाशांच्या सांगण्याप्रमाणे या गटाने तीस वर्षांत सुमारे ३० माणसे मारली. ती शेतावर, रानात कामाला गेलेली साधी माणसे होती. जपानमधल्या जल्लोषात त्यांचा उल्लेख फारसा झाला नाही. ओनोदा यांच्या शिस्तीचे आणि निष्ठेचे कौतुक वाचताना ही बाजू वगळली, तर तो इतिहास अर्धाच राहतो.

१२ मार्च १९७४ रोजी ओनोदा जपानला पोचले. आई आणि वडील दोघेही हयात होते, हे भाग्य योकोई यांच्या वाट्याला आले नव्हते. सरकारने देऊ केलेली मोठी रक्कम त्यांनी नाकारली आणि लोकांनी आग्रहाने दिलेले पैसे यासुकुनी मंदिराला देऊन टाकले. युद्धात पडलेल्यांचे ते मंदिर. या देणगीवर टीका झाली. त्यांच्यावर लष्करशाहीचे भूत असल्याचा शिक्का मारणारे होते, तसे त्यांना खांद्यावर घ्यायला उत्सुक उजवे गटही होते. दोन्ही बाजू आपल्याला हवा तो माणूस त्यांच्यात पाहात होत्या. त्याच वर्षी निघालेले त्यांचे आत्मकथन खूप खपले. पण उंच इमारती, गोंगाट, पैशाची चढाओढ आणि चोवीस तास मागे लागलेले पत्रकार हे सगळे त्यांना सोसवेना. साधारण वर्षभराने, एप्रिल १९७५ मध्ये, ते थोरल्या भावाच्या मागोमाग ब्राझीलला निघून गेले.

ब्राझील ही जपानी माणसाला अनोळखी जागा नव्हती. १९०८ साली पहिले जपानी स्थलांतरित सांतोस बंदरात उतरले तेव्हापासून तिथे जपानी वस्त्या वाढत गेल्या होत्या. ओनोदा यांनी माटो ग्रोसोच्या दक्षिण भागात तेरेनोस येथे जमीन घेतली, रान तोडले आणि गुरे पाळली. १९७६ मध्ये त्यांनी माचिए यांच्याशी लग्न केले. ज्या माणसाला रानात राहण्याची सवय झाली त्याने पुन्हा रानच निवडले, असे वरवर वाटते. वास्तविक फरक मोठा होता. लुबांगवर ते गावकऱ्यांची गुरे मारून मांस सुकवत, इथे त्यांनी स्वतःचा कळप वाढवला. लुबांगवर त्यांना माणसे टाळावी लागत, इथे जपानी शेतकऱ्यांच्या वस्तीत त्यांना मान होता. मायदेश त्यांना परका वाटला, पण मायदेशाबाहेरची जपानी वस्ती वाटली नाही. स्थलांतरितांच्या वस्त्यांत जुनी भाषा, जुने रीतिरिवाज आणि जुना जपान बराच शिल्लक होता, हे त्यामागचे कारण असावे.

१९८० मध्ये जपानमध्ये एका तरुणाने आईवडिलांची हत्या केल्याचे त्यांनी वाचले आणि ते अस्वस्थ झाले. १९८४ मध्ये ते जपानला परतले आणि मुलांसाठी निसर्गशाळा सुरू केली. रानात तंबू ठोकणे, आग पेटवणे, गाठी मारणे, धोका ओळखणे, एकमेकांवर विसंबून राहणे असे शिक्षण या शिबिरांत दिले जाई. अनेक वर्षे त्यांनी हे काम केले आणि दरवर्षी काही महिने ब्राझीलमध्येही काढले. १९९६ मध्ये ते लुबांगला गेले आणि तिथल्या शाळेसाठी १०,००० डॉलर दिले. तीस जिवांपुढे ही रक्कम काहीच नव्हे. तरी ज्या बेटावर ते शत्रू म्हणून वावरले तिथे उघड्या डोळ्यांनी परत जाणे त्यांनी टाळले नाही, एवढे नोंदवले पाहिजे. १६ जानेवारी २०१४ रोजी टोकियोत वयाच्या ९१ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

तिसऱ्या माणसाच्या स्वागताला विमानतळावर तशी गर्दी झाली नाही. तेरुओ नाकामुरा हे त्यांचे जपानी नाव. ते तैवानच्या आमिस या आदिवासी जमातीत १९१९ साली जन्मले, आणि जमातीतले त्यांचे नाव अत्तुन पलालिन. १८९५ पासून तैवान जपानच्या ताब्यात होते आणि युद्धकाळात तिथल्या आदिवासींच्या स्वयंसेवी तुकड्या उभारल्या गेल्या. रानात वावरण्याचे त्यांचे कसब जपानी सैन्याला हवे होते. नाकामुरा नोव्हेंबर १९४३ मध्ये भरती झाले आणि आज इंडोनेशियात असलेल्या मोरोताई बेटावर गेले. सप्टेंबर १९४४ मध्ये बेट दोस्तांनी घेतले आणि दोन महिन्यांनी नाकामुरा कागदोपत्री मृत झाले. १९५६ पर्यंत ते इतर सैनिकांबरोबर होते, मग एकटेच झोपडी बांधून, भोवती कुंपण घालून लहानसे शेत करून राहिले. विमानातून ती झोपडी दिसल्यावर शोध झाला आणि १८ डिसेंबर १९७४ रोजी इंडोनेशियन सैनिकांनी त्यांना ताब्यात घेतले.

जकार्तात प्रश्न उभा राहिला की यांना पाठवायचे कुठे. ते जपानी प्रजाजन म्हणून लढायला गेले होते, पण १९४५ नंतर तैवान जपानचे राहिले नव्हते. १९७२ मध्ये जपानने चीनशी संबंध जोडले आणि तैवानशी राजनैतिक संबंध तोडले. म्हणजे ज्या राज्याचा गणवेश त्यांच्या अंगावर होता त्याचे ते नागरिक नव्हते, आणि ज्या राज्यात त्यांचे गाव होते ते त्यांनी कधी पाहिलेच नव्हते. नाकामुरा यांनी घर निवडले आणि जानेवारी १९७५ मध्ये ते थेट तैवानला गेले. तिथल्या वृत्तपत्रांत त्यांचे नाव ली ग्वांग-हुई असे चिनी छापून आले होते. हे आपले नाव आहे हे त्यांना घरी आल्यावरच कळले. राज्यकारभाराची मॅन्डरिन भाषा त्यांना येत नव्हती. पत्नीने नवरा गेल्याचे गृहीत धरून दुसरे लग्न केले होते. तैवानच्या सरकारलाही या परतीचा विशेष उत्साह नव्हता. ज्या जपानशी चीनने आठ वर्षे युद्ध केले त्याच जपानच्या सैन्यातला हा सैनिक होता, त्याला वीर म्हणायचे कसे, ही त्या सरकारची अडचण होती.

पैशाची बाब तर अधिकच उघडी पाडणारी आहे. वसाहतीच्या सैन्यातला साधा शिपाई म्हणून जपानी कायद्याप्रमाणे नाकामुरा यांना निवृत्तिवेतनाचा हक्क नव्हता. थकलेल्या पगारापोटी त्यांना ६८,००० येन मंजूर झाले. त्या वेळच्या दराने ही रक्कम दोनशे-सव्वादोनशे डॉलर होते. ओनोदा यांना नऊच महिन्यांपूर्वी काय काय देऊ केले गेले हे ताजे आठवणारे जपानी लोक यावर संतापले. वृत्तपत्रांतून टीका झाली, वर्गणी गोळा झाली, सरकार आणि मंत्र्यांनीही भर घातली आणि एकूण रक्कम ४१ लाख ८० हजार येनपर्यंत गेली. पण ती दिली गेली ती मदत म्हणून, हक्क म्हणून नव्हे. नाकामुरा यांना हा पैसा फार काळ वापरताही आला नाही. १५ जून १९७९ रोजी फुप्फुसाच्या कर्करोगाने ते वारले. घरी आल्याला जेमतेम साडेचार वर्षे झाली होती.

त्यांच्या प्रकरणाने एक मोठा जुना प्रश्न चव्हाट्यावर आला. जपानी सैन्यात दोन लाखांहून अधिक तैवानी माणसे सैनिक किंवा लष्करी कामगार म्हणून गेली होती आणि त्यांतली सुमारे तीस हजार मेली. जपानने १९५२ मध्ये जखमी सैनिक व मृतांच्या वारसांसाठी केलेल्या कायद्यात जपानी नागरिकत्वाची अट होती, त्यामुळे हे सगळे त्यातून बाहेर राहिले. १९७७ मध्ये तैवानी जखमी सैनिक आणि वारस टोकियोच्या न्यायालयात गेले. १९८२ मध्ये दावा फेटाळला गेला, पण वरच्या न्यायालयांत तो चालू राहिला. दरम्यान १९८७ मध्ये जपानी संसदेने खास कायदा केला आणि तैवानी मृतांच्या वारसांना व गंभीर जखमींना प्रत्येकी २० लाख येन सांत्वनपर रक्कम म्हणून देण्याचे ठरले. १९९२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दावा कायमचा निकाली काढला, तो फिर्यादींच्या विरुद्ध. नाकामुरा यांच्यासारख्या धडधाकट परतलेल्यांना १९८७ च्या कायद्यात जागाच नव्हती. त्यांचे थकलेले पगार आणि लष्करी टपाल खात्यातल्या ठेवी परत करायला जपानने १९९५ मध्ये सुरुवात केली, मूळ रकमेच्या १२० पट या दराने.